खासी डोंगरांतील घटपर्णी : शोध, संवर्धन व जोपासना

जमिनीचा कस वाढवावा, निदान तो घटूं देऊं नये, हा शेतीचा पहिला धडा होय. शेणखत, हिरवळीचें खत, पेंड व रासायनिक खतें ह्या सर्वांचा खटाटोप ह्या एकाच गोष्टीसाठीं चाललेला असतो. परंतु सृष्टींत कांहीं झाडें अशींहि आहेत कीं, त्यांस कसदार जमीन मानवत नाहीं. त्यांच्या मुळाशीं खत घातलें तर तीं खंगतात, आणि चुनखडीच्या विहिरीचें पाणी घातलें तर मरतात. जेथें दुसरें कांहीं नीट येत नाहीं अशा धुपलेल्या, आंबट व उथळ जमिनींत मात्र तीं सुखानें वाढतात. अशा झाडांत घटपर्णीचें स्थान फार वरचें आहे. हिच्या पानाच्या टोंकाशीं झांकणासह एक सुबक घट लोंबत असतो. त्यांत किडे पडतात, विरतात, आणि त्यांचें खत होऊन झाडाचें पोषण होतें.

ह्या झाडाची हकीकत शेतकरी वाचकांपुढें मांडण्याचा हेतु केवळ कुतूहल पुरविण्याचा नाहीं. आपल्या देशांत घटपर्णीची एकच जात आहे. ती फक्त ईशान्येकडील मेघालय राज्याच्या डोंगरांत सांपडते, आणि तेथूनहि ती हळूहळू नाहींशी होत आहे. ज्या जमिनीवर ती उगवते ती जमीन बहुतांशीं सरकारची नसून तेथील घराण्यांची, गांवसमाजाची किंवा खाजगी मालकांची आहे. म्हणजे ह्या वनस्पतीचें जगणें-मरणें मुख्यतः जमीनधारकाच्याच हातीं आहे. म्हणून हा विषय शेतकी मासिकाच्या पानांत येणें सर्वथा योग्य आहे असें आम्हांस वाटतें.

ठिकाण व हवामान

घटपर्णीच्या वंशास शास्त्रीय भाषेंत नेपेंथीस म्हणतात. पश्चिमेस मादागास्करपासून श्रीलंका, मलाया, सुमात्रा, बोर्निओ व फिलिपाईन बेटें ह्यांतून थेट न्यू कॅलिडोनियापर्यंत ह्या वंशाचा पसारा असून त्यांत दीडशेंहून अधिक जाती मोजल्या जातात. त्यांतील बहुतेक आग्नेय आशियांतील बेटांवर आहेत. बोर्निओच्या किनाबालू पर्वतावर नेपेंथीस राजा नांवाची जात होते. तिच्या एकेका घटांत दोन लिटरांहून अधिक पाणी मावतें. आपली जात एवढी धिप्पाड नाहीं. तिचा घट सामान्यतः वीतभर किंवा त्याहून लहान असतो. परंतु दुर्मिळतेंत ती त्या राजाच्या मांडीस मांडी लावून बसते, हें पुढें दिसून येईल. खासी डोंगरांवरून तिचें शास्त्रीय नांव नेपेंथीस खासियाना असें पडलें आहे.

मेघालयांत पश्चिमेकडून गारो, खासी व जयंतिया अशा तीन डोंगरी प्रदेशांची रांग लागते. घटपर्णी ह्या तिन्हींत विखुरलेली आहे, पण सर्वत्र नाहीं. गारो डोंगरांतील बाघमारा, बालपाक्रम व नोक्रेक ह्यांच्या परिसरांत, आणि जयंतिया डोंगरांतील जराईन गांवाच्या आसपास तिचीं ठिकाणें प्रसिद्ध आहेत. सखल टेंकड्यांपासून सुमारें पांच हजार फूट उंचीपर्यंत ती आढळते. बाघमारा येथें खास तिच्यासाठीं एक अभयारण्य राखलेलें आहे. अभयारण्य म्हटल्यावर मैलोगणती पसरलेलें अरण्य डोळ्यांपुढें येतें, पण हें एखाद्या बेताच्या शेताएवढें, अवघ्या कांहीं एकरांचें आहे.

ह्या डोंगरांच्या दक्षिण उतारावर पडणारा पाऊस जगांत अव्वल गणला जातो. चेरापुंजी व मावसिनराम येथील वार्षिक सरासरी साडेचारशें इंचांच्या घरांत जाते. एवढ्या पावसानें जमिनींतील चुना, पालाश व नत्राचे क्षार धुपून बांगलादेशाच्या मैदानांत वाहून जातात. मागें राहते ती वाळूच्या दगडावरील किंवा जांभ्यासारख्या तांबूस मुरमावरील उथळ, आंबट माती. शिवाय पाऊस संपल्यावर हिवाळ्याचे तीन-चार महिने जवळजवळ कोरडे जातात. जेथें पावसाळ्यांत पूर वाहतात तेथेंच माघांत पिण्याच्या पाण्यासाठीं दूर चालावें लागतें. अशा जमिनीस आपण निःसंकोचपणें पडीक म्हणूं. घटपर्णी हें ह्या पडीक जमिनीचें स्वतःचें पीक होय.

शोध

शास्त्रज्ञांनीं ह्या झाडाचा शोध लावला असें म्हणण्याची चाल आहे. पण डोंगरांतील लोक त्यास पूर्वापार ओळखत होते, हें त्यांनीं दिलेल्या नांवांवरूनच उघड होतें. खासी लोक त्यास ‘तिउ-राकोत’ म्हणतात; त्याचा अर्थ राक्षसी फूल. गारो भाषेंत त्याचें नांव ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली. जयंतिया लोकांचें ‘क्सेत फारे’ हें नांव तर झाडाचें कामच सांगतें : झांकण असलेलें माशा धरण्याचें जाळें. जीं माणसें झाडास असें नांव देतात त्यांनीं तें नुसतें पाहिलेलें नसून त्याचा धंदाहि ओळखलेला असतो. घट उघडण्यापूर्वीं त्यांत जें स्वच्छ पाणी असतें तें डोळ्यांच्या विकारावर घालण्याची चाल तेथील लोकवैद्यकांत आहे.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर हे आपले मित्र टॉमस टॉमसन ह्यांच्यासह १८५० सालीं खासी डोंगरांत फिरले व तेथून वनस्पतींचे पुष्कळ नमुने त्यांनीं नेले. पुढें १८७३ सालीं हूकर ह्यांनीं ह्या जातीचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. दुसऱ्याच वर्षीं, १८७४ सालीं, बेलफास्ट येथें भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या परिषदेंत त्यांनीं कीटकभक्षक वनस्पतींवर व्याख्यान दिलें. घटपर्णीच्या घटांत अंड्याचा पांढरा बलक, मांस व कूर्चा ह्यांचे तुकडे टाकून त्यांचें पचन कसें होतें हें त्यांनीं पाहिलें होतें. १८७५ सालीं चार्ल्स डार्विन ह्यांचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ निघाला आणि झाडें किडे खातात ही गोष्ट विद्वानांत मान्य झाली. तोंपर्यंत पुष्कळांचा समज असा होता कीं, घट हा झाडानें तहानेसाठीं भरून ठेवलेला पाण्याचा सांठा असावा.

आज ज्यास हें झाड त्याच्या मूळ ठिकाणीं पाहावयाचें असेल त्यानें दाट रानांत शिरूं नये. घटपर्णीस मोकळें ऊन लागतें. डोंगराच्या उघड्या उतारावर, रस्त्यासाठीं कापलेल्या दरडीवर, पाझर असलेल्या खडकाच्या कडेस, नेचे व खुरटें गवत जेथें माजलेलें आहे अशा जागीं नजर ठेवावी. कोंवळीं झाडें गवतांत लपून राहतात. जुनीं झाडें झुडुपांवर चढून कित्येक फूट लांब होतात. दुरून साधें लांबट पान दिसतें. जवळ जाऊन पानाच्या मधल्या शिरेचा शेवट पाहावा. ती शीर पानाबाहेर दोरीसारखी निघालेली असून तिच्या टोंकाशीं घट असेल, तर शोध संपला.

रचना व किडे पचविण्याची रीत

ज्यास आपण पान म्हणतों तो खरें पाहतां पानाचा देंठाकडील पसरट भाग, आणि घट हेंच पानाचें रूपांतर, असें शास्त्रज्ञ मानतात. मधला दोरीसारखा भाग झुडुपास वेढे घालून झाडास आधार देतो. एकाच वेलीवर दोन प्रकारचे घट येतात. जमिनीलगतचे घट पोटाळ असून त्यांच्या पुढील अंगास दोन झालरीसारखे पंख असतात. त्यांवरून मुंग्या सहज वर चढतात. वर येणारे घट निमुळते, नरसाळ्यासारखे असून त्यांस पंख बहुधा नसतात. रंग हिरवा, उन्हांत त्यावर तांबूस झांक चढते.

घट कोंवळा असतां झांकण घट्ट मिटलेलें असतें. पूर्ण वाढ झाल्यावर तें उघडतें व पुन्हां मिटत नाहीं. झांकण पडून किडा कोंडला जातो ही समजूत चुकीची आहे. झांकणाचें काम पावसाचें पाणी आंत फार जाऊं न देणें एवढेंच मुख्यतः आहे. सांपळा आहे तो कांठांत. घटाच्या गोल कांठावर मधासारखा रस पाझरतो. त्याच्या लोभानें मुंग्या, माशा वगैरे येतात. कांठ दंवानें किंवा पावसानें ओला झाला म्हणजे त्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि किड्याचा पाय घसरतो. आंतील भिंतीचा वरचा भाग मेणचट असल्यामुळें खालीं पडलेल्यास पुन्हां वर चढतां येत नाहीं. तळाशीं पाचक रस असतो. शिकार पडूं लागली म्हणजे त्याचा आंबटपणा वाढतो व त्यांतील पाचक द्रव्यें किड्याचें मांस विरवितात. किड्याचें कठीण कवच विरविणारें द्रव्यहि खासी घटपर्णींत सांपडलें आहे.

ह्या बाबतींत आपल्याच देशांत झालेलें एक संशोधन विशेष सांगण्याजोगें आहे. केरळांत पालोड येथें वनस्पतींचें मोठें उद्यान व संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं असें दाखविलें कीं, जंबुपार किरणांत पाहिलें असतां घटपर्णीच्या घटाचा कांठ निळसर चमकतो. आपल्या डोळ्यांस हा प्रकाश साध्या उन्हांत दिसत नाहीं. परंतु किड्यांस ओढून आणण्यांत त्याचा वांटा असतो. २०१७ सालीं त्याच संस्थेनें दाखविलें कीं, घटाच्या पोकळींत कर्बवायूचें प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षां पुष्कळ अधिक असतें, आणि तो वायुहि किड्यांस आकर्षितो.

किड्यापासून झाडास मुख्यतः नत्र मिळतो. म्हणजे जें आपण पेंडींतून व युरियांतून पिकास देतों तेंच घटपर्णी मुंग्यांपासून मिळविते. अन्न तयार करण्याचें काम तिचीं हिरवीं पानें इतर झाडांप्रमाणेंच उन्हांत करतात. किडे हें तिचें खत होय, भाकरी नव्हे.

ऱ्हासाचीं कारणें

निसर्गानें जें झाड एवढ्या अडचणींत जगावयास शिकविलें तें आज कां मरतें, ह्याचें उत्तर तिच्या जमिनींत आहे.

पहिलें कारण खाणी. जयंतिया डोंगरांत दगडी कोळशाचे पातळ थर आहेत. माणूस रांगत जाईल एवढीं बिळें खोदून तो कोळसा काढीत. ह्या खोदाईनें वरची जमीन उकरली गेली व ओढ्यांचें पाणी तेजाबासारखें झालें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें एप्रिल २०१४ मध्यें ह्या पद्धतीस बंदी केली. पण तोंपर्यंत पुष्कळ नुकसान होऊन चुकलें होतें. चुनखडीच्या खाणींनींहि बरीच जमीन व्यापली आहे. दुसरें कारण शेतीचें. डोंगर जाळून करण्याची झूम शेती पूर्वीं दीर्घ विश्रांतीनंतर त्याच जागीं फिरून येत असे. आतां तो फेरा आंखूड झाला आहे. शिवाय झाडू करण्याच्या गवताची लागवड फार वाढली आहे. तें गवत उताराच्या हलक्या जमिनीवर येतें आणि त्यास रोख पैसा मिळतो. म्हणून जी जागा पूर्वीं निरुपयोगी समजून सोडलेली असे तीहि लागवडीखालीं आली. ज्यानें ती लावली त्यास दोष देतां येत नाहीं. पोट त्यासहि आहे. परंतु घटपर्णीची जागा ती हीच होती.

तिसरें कारण हौशी लोकांचा लोभ. एकोणिसाव्या शतकापासून युरोपांतील कांचगृहांसाठीं घटपर्णी गोळा केली जात असे. पुढें बाजारासाठीं व प्रवाशांसाठीं रानांतून झाडें उपटण्याची चाल पडली. ह्या वनस्पतीचीं मुळें काळीं, केंसासारखीं बारीक व ठिसूळ असतात. उपटतांना तीं तुटतात, आणि बहुतेक झाड नव्या जागीं थोडक्याच दिवसांत वाळतें. विकत घेणारा म्हणतो, हवा मानवली नाहीं. वास्तविक झाड डोंगरावरच मेलेलें असतें.

चौथें कारण झाडाच्या स्वभावांत आहे. घटपर्णींत नर व मादी अशीं वेगळीं झाडें असतात. पपईच्या बागेंतील अनुभवानें शेतकऱ्यास ही गोष्ट समजण्यास अवघड नाहीं. फरक एवढाच कीं, फूल येईपर्यंत घटपर्णीचा नर-मादी भेद ओळखतां येत नाहीं. एखाद्या उतारावर दहा झाडें उरलीं आणि तीं सर्व नर निघालीं, तर तेथें बीं धरणार नाहीं. दिसावयास झाडें जिवंत, पण वंश संपलेला. शिवाय परागसिंचनास किडेच लागतात. किडे खाणाऱ्या झाडाचा वंशहि किड्यांवरच अवलंबून आहे.

कायदा काय सांगतो

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत १९९१ च्या सुधारणेनें वनस्पतींसाठीं स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. त्यांत प्रथम सहाच नोंदी होत्या : बेडोमचा सायकस, निळा वांडा, तांबडा वांडा, कोष्ठ, लेडीज स्लिपर ऑर्किडें आणि घटपर्णी. २०२२ च्या सुधारणेनें परिशिष्टांची मांडणी बदलली तरी घटपर्णीचें संरक्षण कायम आहे. ह्या प्रकरणाप्रमाणें असें झाड रानांतून उपटणें, जवळ बाळगणें व विकणें ह्यांस मनाई आहे. इतकेंच नव्हे, तर परवान्यावांचून त्याची लागवडहि करतां येत नाहीं. त्या त्या जिल्ह्यांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या लोकांस स्वतःच्या खऱ्याखुऱ्या उपयोगापुरतें घेण्याची मात्र मोकळीक ठेवलेली आहे.

दुर्मिळ प्राणी व वनस्पति ह्यांच्या परदेशी व्यापारासंबंधीं १९७३ सालीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच्या सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टांत सबंध नेपेंथीस वंशांतील दोनच जाती आहेत : एक बोर्निओची राजा, आणि दुसरी आपली खासी घटपर्णी. बाकीच्या सर्व जाती दुसऱ्या परिशिष्टांत येतात. तेव्हां रोपवाटिकेंत कोणी ‘मेघालयाची अस्सल’ म्हणून झाड पुढें केलें, तर प्रथम परवाना पाहावा. आपल्याकडे शहरांतून विकावयास येणाऱ्या घटपर्णी बहुधा परदेशी जातींच्या संकरापासून केलेल्या असतात. ज्यांस हौसच असेल त्यांनीं तशी बागेंत वाढविलेलीच घ्यावी. पुढें सांगितलेली जोपासना त्यांसहि थोड्याफार फरकानें लागूं पडते.

रोपें तयार करण्याच्या रीती

रानांतील झाडास हात न लावतां झाडें वाढवितां येतात, हें परवानाधारक उद्यानांनीं सिद्ध केलें आहे. त्याच्या तीन रीती आहेत.

बियांपासून : ह्याचें बोंड पिकल्यावर चार पाकळ्यांनीं उकलतें. बीं दोऱ्याच्या तुकड्यासारखें बारीक व हलकें असतें. तें वाऱ्यावर जातें. म्हणून बोंड उकलण्याच्या बेतांत असतां काढावें. हें बीं सांठविण्याचें नव्हे. थोड्या महिन्यांत त्याची उगवणशक्ति जाते. ताजें बीं ओल्या शेवाळावर नुसतें पसरावें, वर माती लोटूं नये, कारण त्यास उजेड लागतो. वर कांच झांकून ओल राखावी. उगवण्यास एक-दोन महिने लागतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या रोपासहि सुईच्या अग्राएवढे घट येतात, हें पाहून मोठें नवल वाटतें. फुलावर येण्यास मात्र कित्येक वर्षें जातात. रीत सावकाशीची खरी, पण नर-मादी दोन्ही व भिन्न गुणांचीं झाडें हिच्यापासूनच मिळतात. म्हणून वंशरक्षणास हीच सर्वांत चांगली.

छाट कलमानें : निरोगी वेलीचा दोन-तीन पेऱ्यांचा तुकडा धारदार सुरीनें कापावा. पानें अर्धीं छाटावीं, म्हणजे ओल कमी उडते. तुकडा ओल्या शेवाळांत रोवून सांवलींत, दमट हवेंत ठेवावा. खासी घटपर्णी ह्या कामांत इतर कित्येक जातींहून सोपी आहे. दीड-दोन महिन्यांत नवी फूट दिसूं लागते. परंतु एका झाडाचीं शंभर कलमें केलीं तरी तीं सर्व एकाच लिंगाचीं व एकाच गुणाचीं होतात, हें ध्यानांत ठेवावें.

ऊतिसंवर्धनानें : झाडाच्या कोंवळ्या डोळ्यापासून कांचेच्या नळींत निर्जंतुक अन्नावर असंख्य रोपें करण्याची ही रीत आपल्याकडे केळीच्या रोपांमुळें शेतकऱ्यांस परिचित झाली आहे. पालोडच्या संस्थेनें १९९४ सालीं व शिलाँग येथील ईशान्य पर्वतीय विश्वविद्यालयानें २००९ सालीं घटपर्णीसाठीं ह्या रीती यशस्वीपणें प्रसिद्ध केल्या आहेत. हजारों रोपें स्वस्तांत मिळूं लागलीं म्हणजे रानांतून चोरण्याचें कारण उरत नाहीं, हा ह्या रीतीचा खरा लाभ आहे.

जोपासना

माती : साधी बागेची माती वापरूं नये. शेवाळ, नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे, जाड वाळू किंवा जांभ्याची खडी ह्यांचें मोकळें मिश्रण करावें. नारळाचा काथ्या खारट असतो. म्हणून तो पुनःपुन्हां धुवून क्षार काढून टाकावे. मुळांस ओल हवी तशीच हवाहि हवी. पाण्यांत बुडालेली कुंडी मुळें कुजविते.

पाणी : ह्या झाडाच्या जोपासनेंत सर्वांत अधिक नुकसान पाण्यानें होतें. काळ्या दगडाच्या मुलुखांतील विहिरीच्या व बोअरच्या पाण्यांत चुन्याचे क्षार असतात. तें पाणी चालूच ठेवल्यास शेंडे काळे पडून झाड जातें. पावसाचें पाणी सांठवून तेंच घालावें. तें नसेल तर क्षार काढून शुद्ध केलेलें पाणी वापरावें. घट रिकामे करूं नयेत. चुकून सांडल्यास थोडें शुद्ध पाणी आंत घालावें.

हवा व ऊन : दिवसा पंचवीस-तीस अंश आणि रात्रीं पंधरा-वीस अंश उष्णता तिला फार मानवते; थोड्या थंडीस ती डरत नाहीं. जेथें उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर चढतो व हवा कोरडी असते तेथें ती उघड्यावर टिकत नाहीं. हवा दमट नसेल तर पान वाढतें, पण त्याच्या टोंकावरील घटाचा कोंब तसाच सुकून जातो. तेव्हां घट येईनासे झाले म्हणजे झाडास रोग झाला असें न समजतां हवेंतील ओल व ऊन पाहावें. दुपारची तिरीप चुकवून सकाळचें ऊन, किंवा पातळ जाळींतून गाळलेला भरपूर प्रकाश द्यावा. अंधाऱ्या खोलींत घट येत नाहींत.

खत : मुळाशीं कोणतेंहि खत घालूं नये. खतानें मुळें पोळतात, आणि झाड न मेलें तरी घट धरण्याचें सोडतें. कारण जें फुकट मिळालें तें कष्टानें मिळविण्याची त्यास गरज राहत नाहीं. उघड्यावर असलेलें झाड आपली शिकार आपण करतें. घटांत मांसाचे तुकडे घालण्याची हौस कोणी करूं नये. ते कुजून घट काळा पडतो.

कीड : किडे खाणाऱ्या झाडासहि पिठ्या ढेकूण व खवले कीड लागते. कापसाच्या बोळ्यानें पुसून काढणें हाच निर्धोक उपाय. दोन वर्षांनीं शेवाळ कुजूं लागलें म्हणजे मुळें न दुखवितां, पेंडीसकट उचलून, कुंडी बदलावी.

जमीनधारकाचें कर्तव्य

एवढें सर्व करूनहि कुंडींतील घटपर्णी ही उतारावरील घटपर्णीची जागा भरून काढूं शकत नाहीं. शिलाँगजवळ बारापाणी येथें भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या बागेंत ती राखलेली आहे, पालोडला आहे, परदेशांतील कांचगृहांतहि आहे. परंतु तिच्या घटांत राहणाऱ्या डांसांच्या अळ्या, तिच्यावर येणाऱ्या मुंग्या, तिच्या फुलांवर बसणारे किडे, आणि तिला पोसणारी ती धुपलेली माती हीं सर्व बागेंत नेतां येत नाहींत. बागेंतील झाड हें बेणें समजावें. पीक डोंगरावरच उभें राहिलें पाहिजे.

खासी डोंगरांत जमिनीचे मुख्यतः दोन प्रकार मानतात : री राइद, म्हणजे समाजाची जमीन, आणि री किन्ती, म्हणजे घराण्याची अथवा खाजगी जमीन. संविधानाच्या सहाव्या अनुसूचीप्रमाणें तेथील जमीन व वनें ह्यांवर स्वायत्त जिल्हा परिषदांचा अधिकार चालतो. सरकारी राखीव वनांचें क्षेत्र त्या मानानें थोडें. म्हणून केवळ अभयारण्याची पाटी लावून घटपर्णी वांचणार नाहीं. ह्याच लोकांनीं मावफलांगसारख्या देवराया पिढ्यान्‌पिढ्या राखल्या आहेत. तेथून काडीहि उचलीत नाहींत. राखण्याची परंपरा त्यांच्यांत आहेच. अडचण एवढीच कीं, देवराईंत थोर वृक्ष असतात. घटपर्णी मात्र उजाड दिसणाऱ्या उतारावर असते, आणि उजाड जागा राखावी असें कोणास सहसा वाटत नाहीं.

हीच गोष्ट आम्हां महाराष्ट्रांतील जमीनधारकांसहि लागूं आहे. आपल्याकडे घटपर्णी नाहीं. पण तिच्याच धंद्याचीं माणसें आहेत. साताऱ्याजवळील कास पठारावर व कोंकणांतील जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यांत जी तांबूस चिकट दंवबिंदू वनस्पति व निळसर फुलांची सीतेचीं आसवें दिसतात, तींहि किडे धरूनच जगतात, आणि त्याच कारणानें : त्या कातळावरील वीतभर मातींत नत्र नाहीं. सात-बारावर ही जागा पोटखराबा म्हणून लिहिलेली असते. तेथें माती आणून टाकावी, खत घालावें, निदान दगड तरी काढून विकावा, असा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. जेथें पोटाचा प्रश्न आहे तेथें तो करावाहि लागेल. परंतु ज्याच्याजवळ पिकाऊ जमीन पुरेशी आहे त्यानें आपल्या पोटखराब्यांतील एखादा तुकडा आहे तसा ठेवण्यास हरकत नसावी. त्यास खर्च नाहीं, खत नाहीं, राखणहि फारशी नाहीं. नांगर, चुना व सुरुंग तेवढे त्यापासून दूर ठेवावे.

उत्तम शेतकरी आपली जमीन ओळखतो असें आपण म्हणतों. कोणत्या जमिनीस काय द्यावें हें जाणणें ही त्या ओळखीची अर्धी बाजू झाली. कोणत्या जमिनीस कांहींहि देऊं नये, हें जाणणें ही दुसरी अर्धी. जयंतियाच्या उतारावर जी कांहीं घटपर्णी उरली आहे, ती ही दुसरी बाजू ओळखणाऱ्या मालकांच्याच जमिनीवर पुढेंहि उरेल.